पंचेचाळीस हजार भरण्याआधी लेकीला प्रश्न विचारायला शिकू द्या

नमस्कार,

पिंपळगाव बसवंतहून तुम्ही लिहिलंत की लेक नाशिकला खोली करून बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. पायथॉन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा तिला आवडते, पण प्रोग्रॅम अडला की दोन-दोन दिवस अडूनच राहतो, विचारायला कुणी नाही. पुण्याच्या एका क्लासने ४५ हजार फी सांगितली आहे, ती भरू का, असा तुमचा प्रश्न आहे.

आत्ता भरू नका. द्राक्षाच्या पैशातून एवढी रक्कम काढणं काय असतं, ते निफाडकडच्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.

पत्रासोबत तिने पाठवलेला प्रोग्रॅम मी चालवून पाहिला. कांद्याच्या दोन गोण्या, ४८ आणि ५२ किलो. बेरीज १०० यायला हवी, येते ४८५२. दोन दिवस ती बेरजेची ओळ बदलत बसली. चूक त्या ओळीत नव्हतीच. पायथॉनमध्ये 'इनपुट'ने घेतलेला आकडासुद्धा मजकूर म्हणून येतो, आणि दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की ते एकमेकांना चिकटतात. दोन्हीकडे 'इंट' (मजकुराचा पूर्ण आकडा करणारं) लावलं की १०० येतात. ४८.५ किलो भरायचे असतील तर मात्र 'फ्लोट' (दशांश आकड्यासाठीचं) लागेल.

हे उत्तर तिच्याच लॅपटॉपमध्ये होतं. पायथॉनच्या खिडकीत 'हेल्प' लिहून कंसात 'इनपुट' टाकलं तर सुरुवातीलाच येतं, की हे मजकूर वाचतं. भाषेचं अधिकृत ट्युटोरियलही फुकट आहे. त्याचं आठवं प्रकरण एरर्सवरच, म्हणजे प्रोग्रॅम अडला की येणाऱ्या चुकांच्या संदेशांवरच आहे, ते तिने आधी वाचावं. इंग्रजी जड जाईल, रोज एक पान पुरे. आणि लांबलचक एरर आला की शेवटच्या ओळीपासून वर वाचत जावं. नेमकं काय बिघडलं, ते तिथे तळाशी असतं.

तरीही अडलं तर विचारावं, आणि इथेच आपली मुलं कच्ची राहतात. 'माझा प्रोग्रॅम चालत नाही' एवढ्यावर कुणीच मदत करू शकत नाही. काय लिहिलं, काय यायला हवं होतं, काय आलं आणि स्वतः काय करून पाहिलं, एवढं चार ओळींत सांगावं. दोनशे ओळींचा प्रोग्रॅम पाठवू नये. चूक जिथे दिसते तेवढ्या पाच ओळी वेगळ्या काढाव्यात. (त्या काढता काढताच अर्ध्या वेळा उत्तर सापडतं, हे मी किती मुलांच्या बाबतीत पाहिलंय!) स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करून द्यावा, म्हणजे समोरच्याला तो चालवून बघता येतो.

असं विचारलं तर कॉलेजचे सर सांगतील, अनोळखी माणसंही सांगतील. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१मध्ये ही भाषा लोकांसमोर आणली, ती फुकट आहे, आणि एकमेकांना फुकट शिकवणारे तिचे वापरकर्ते जगभर आहेत. आपल्याकडे २००९पासून पायकॉन इंडिया हे संमेलन भरतं, २०११ साली ते पुण्यातच झालं होतं. कधी जवळ आलं तर तिला जरूर पाठवा.

तीन महिने असं करू द्या. एकटीने रोज बसणं जमतच नाही असं दिसलं, तर शिस्तीसाठी नाशिकमध्येच एखादा लहान क्लास बघू, त्यासाठी पुणं नको. सध्या तिला दहा गोण्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहायला सांगा, आणि अडली तर त्या चार ओळी मलाही पाठवू दे.