आफ्रिकेत लष्कराने सत्ता बळकावल्यावर लोक जल्लोष का करतात? त्यांना लोकशाही नको झाली आहे का?

हा प्रश्न मालीची राजधानी बामाको आणि नायजरची राजधानी नियामे येथील उठावांनंतरच्या जल्लोषाच्या चित्रफिती पाहून विचारला गेला आहे. ५४ देशांच्या खंडाबद्दल एका दमात बोलणे मला योग्य वाटत नाही, म्हणून २०२० नंतर जिथे उठावांची रांगच लागली त्या साहेलबद्दल, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या पट्ट्याबद्दल आणि त्याच्या शेजाऱ्यांबद्दलच लिहितो. माझ्या मते तो जल्लोष मुख्यतः जाणाऱ्या सरकारबद्दलचा होता. लोकांना लष्करशाहीच हवी होती, असे त्यावरून ठरवता येत नाही.

बुर्किना फासोच्या उत्तरेस इनाता येथे सोन्याच्या खाणीजवळ एक ठाणे होते. १४ नोव्हेंबर २०२१ रोजी जिहादी टोळ्यांनी त्यावर हल्ला करून ५३ जणांना ठार केले, त्यांपैकी ४९ निमलष्करी दलाचे जवान होते. मृतांच्या आकड्याइतकाच लोकांना धक्का बसला तो हल्ल्यापूर्वी त्या ठाण्यातून वरिष्ठांना गेलेल्या संदेशाचा: शिधा संपला आहे आणि दोन आठवड्यांपासून जवान आसपासची जनावरे मारून पोट भरत आहेत. जे सरकार आपल्याच शिबंदीला रसद पोहोचवू शकत नाही, ते खेड्यातल्या शेतकऱ्याचे रक्षण काय करणार, असा प्रश्न तिथे घरोघरी विचारला गेला असल्यास नवल नाही. दोन महिन्यांनी, जानेवारी २०२२ मध्ये, लष्कराने निर्वाचित राष्ट्राध्यक्ष काबोरे यांना हटवले, तेव्हा राजधानी वागादुगूच्या रस्त्यांवर जल्लोष झाला.

या असुरक्षिततेची मुळे अर्थातच जुनी आहेत. २०११ मध्ये लिबियात गद्दाफींची राजवट कोसळल्यावर त्यांच्या पदरी असलेले, सहारातील तुआरेग जमातीचे लढवय्ये शस्त्रांसह मालीत परतले. २०१२ मध्ये उत्तर माली सरकारच्या हातून गेले, तुआरेग बंडखोरांना बाजूला सारून जिहादी गटांनी तिथे जम बसवला आणि जानेवारी २०१३ मध्ये फ्रेंच फौजा उतरल्या. टिंबक्टूसारखी शहरे परत मिळाली. पण हिंसाचार मध्य मालीत आणि पुढे बुर्किना फासो व नायजरमध्ये पसरला, जिथे शेतकरी आणि गुराखी यांच्यातील जमीन-पाण्याच्या जुन्या तंट्यांनी त्याला खतपाणी घातले.

दुसरे कारण राज्यकर्त्यांचे स्वतःचे आहे आणि त्याची चर्चा पुरेशी होत नाही, असे मला वाटते. गिनीमध्ये २०१० साली राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेले आल्फा कोंदे यांनी मार्च २०२० मध्ये सार्वमत घेऊन राज्यघटना बदलली आणि त्याच वर्षी तिसऱ्या कार्यकाळासाठी निवडणूक लढवून जिंकली. निदर्शकांवर गोळीबार झाला. पुढच्या सप्टेंबरात सैनिकांनी कोंदेंना उचलले, तेव्हा पश्चिम आफ्रिकी देशांच्या ‘इकोवास’ या संघटनेने गिनीवर निर्बंध लादले; घटना वाकवली जात असताना मात्र असे काही झाले नव्हते. अध्यक्षपदाला दोनच कार्यकाळांची मर्यादा सर्व सदस्य देशांत घालावी, हा प्रस्ताव २०१५ मध्ये इकोवासपुढे आला होता. टोगो आणि गांबिया यांच्या विरोधामुळे तो बारगळला. एकाच नियमाचे असे दोन मापांनी वजन केल्यावर संघटनेचा धाक उरला नाही.

सैनिकांनी सुरक्षा दिली का, तर नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बुर्किना फासोतील बार्सालोघो येथे गावाभोवती चर खणायला लावलेल्या लोकांवर हल्ला होऊन शंभराहून अधिक माणसे मारली गेली. मालीमध्ये मोरा या गावी मार्च २०२२ मध्ये लष्कर आणि त्याच्या परदेशी साथीदारांनी किमान ५०० जणांना मारल्याचा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. तेथील लष्करी सरकारने मे २०२५ मध्ये सगळेच राजकीय पक्ष विसर्जित केले.

नायजर मात्र माझ्या मांडणीत नीट बसत नाही, हे कबूल केले पाहिजे. तिथे २०२१ मध्ये एका निर्वाचित अध्यक्षाकडून दुसऱ्याकडे प्रथमच सत्ता गेली होती, आणि तरीही जुलै २०२३ मध्ये अध्यक्षीय रक्षक दलाच्या प्रमुखानेच राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बाझूम यांना कैद केले. ते प्रमुखपद जाण्याच्या बेतात होते, अशी वृत्ते त्या वेळी आली होती. प्रत्येक उठावामागे जनतेचा संताप शोधू नये, हाच याचा धडा.

सेनेगलचे चित्र वेगळे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष माकी साल यांनी निवडणूक पुढे ढकलली, रस्त्यांवर निदर्शने झाली, काही जणांचा जीवही गेला. पण घटना परिषदेने तो निर्णय रद्द ठरवला आणि साल यांनी तो मानला. स्वातंत्र्यानंतर एकदाही सत्ता न बळकावलेले तेथील सैन्य या वेळीही बराकीतच राहिले. २४ मार्चच्या मतदानाच्या दहाच दिवस आधी तुरुंगातून सुटलेले विरोधी नेते बासिरू दियोमाये फाय पहिल्याच फेरीत निवडून आले. त्या रात्री राजधानी डाकारमध्येही लोक रस्त्यावर उतरून नाचले.