ग्रंथपाल आईचा मुलगा वाचत नाही तेव्हा

“शाळेतल्या पोरांना दिवसभर मी पुस्तकं सुचवते आणि माझाच मुलगा पुस्तकाला हात लावत नाही,” कोल्हापुरातल्या एका शाळेच्या ग्रंथपाल बाई सांगत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा सहावीत, धाकटी मुलगी चार वर्षांची. ‘मूल वाचत नाही’ म्हणून माझ्याकडे सल्ल्यासाठी खूप पालक येतात, पण बाईंना काळजीपेक्षा लाज जास्त वाटत होती. १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर असलेल्या गावात, तेही ग्रंथपालाच्या घरात असं कसं, हे नातेवाईक तोंडावर विचारत.

त्यांनी एक वही आणली होती. सुट्टीसाठी मुलाला करून दिलेली यादी. पट्टीने आखलेले रकाने : पुस्तक, लेखक, पृष्ठे, वाचल्याची तारीख आणि शेवटी ‘काय शिकलास?’ पहिल्याच ओळीत ‘श्यामची आई’. तिच्यापुढे मुलाने लिहिलं होतं, ‘आईचं ऐकावं.’ त्याखाली सगळं कोरं. मागच्या पानावर ऐकण्यासारख्या गाण्यांची यादी, तिलाही तसाच रकाना.

निवड खरोखर चांगली होती आणि तसं मी सांगितलंही. घात केला होता त्या शेवटच्या रकान्याने.

मुलाशी एकटीने बोलले. वाचत नाहीस म्हणे? “वाचतोय की! रोज पेपर वाचतोय.” म्हणजे शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल सामन्यांच्या बातम्या. पाटाकडील तालमीचा गोल कुणी मारला, पिवळं कार्ड कुणाला मिळालं, सगळं तोंडपाठ. त्यातली एक बातमी मोठ्याने वाचायला लावली. कुठेही अडखळला नाही. हे मी मुद्दाम करून बघते. मूल अक्षरं गाळत असेल, ओळ सुटत असेल, वाचायचं म्हटलं की पोटात दुखत असेल, तर आधी डोळे तपासावेत आणि अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्यावी. तिथे कितीही चांगल्या पुस्तकांची यादी कामाची नाही.

जाता जाता तो म्हणाला, “आधी मम्मी मला वाचून दाखवायची. आता बारकीलाच दाखवते. मला म्हणते, तुला येतंय, तूच वाच.”

किती घरांत हेच होतं! मूल वाचायला लागलं की वाचून दाखवणं बंद. खरं तर या वयात स्वतः वाचून जेवढं समजतं त्यापेक्षा ऐकून जास्त समजतं. शिवाय मांडीला मांडी लावून आई-बाबा बसायचे, ते सुख वाचता येऊ लागल्याची शिक्षा म्हणून जातं.

बाईंना म्हटलं, तो रकाना खोडा. गोष्ट संपली की प्रश्न नको, तात्पर्य नको. त्याला आवडलं असेल तर तोच बोलेल. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे बाबांनी मोठ्याने वाचावा. फेणेचं ते ‘ट्टॉक्’ बाबांच्याच तोंडी शोभेल. बारकीला माधुरी पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’ दादाने वाचून दाखवावं. विंदांच्या बालकविता सगळ्यांनी मिळून, हव्या तितक्या जोरात. आणि बालभारतीचा ‘किशोर’ त्याच्या हाताला लागेल असा ठेवून द्यावा, बस्स. पेपरातली बातमी हेही वाचनच, तिला नाक मुरडू नये.

गाण्यांचं त्याहून सोपं. रात्री जेवणानंतर प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक गाणं लावायचं आणि बाकीच्यांनी ते पूर्ण ऐकायचं. ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात मुलाने ख्याल ऐकावा ही आईची इच्छा मला समजते. पण आईनेही त्याच्या आवडीची हलगी शेवटपर्यंत ऐकायला हवी.

बाईंना स्वतःसाठी एकच पुस्तक सुचवलं, ‘तोत्तोचान’, एका जपानी मुलीची आणि तिच्या शाळेची गोष्ट. कितीदा तरी त्यांनी ते इतरांना दिलेलं. त्यातले मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच भेटीत त्या मुलीचं चार तास ऐकून घेतात. तेवढं प्रकरण परत वाचा म्हटलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

अलीकडे त्या पुन्हा येऊन गेल्या. मुलगा पुस्तकातला किडा झालेला नाही. फास्टर फेणेचं दुसरं पुस्तक मात्र बाबांना रात्रपाळी लागल्यावर त्याने एकट्याने संपवलं, आणि बारकीला रोज तोच वाचून दाखवतो. “आता ‘श्यामची आई’ परत द्यावं का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इतक्यात नको. कपाटात राहू दे, मागितलं की द्या.