लॅपटॉपला माउस चालतो, हार्डडिस्क जोडते-तुटते : मदरबोर्ड गेला का?

तुम्ही लिहिलंय की उजव्या पोर्टला माउस चालतो, पण त्याच पोर्टला बाहेरची हार्डडिस्क लावली की 'टुडुंग-टुडुंग' करत दिसते आणि गायब होते. डाव्या पोर्टला माउस, पेनड्राइव्ह काहीच ओळखलं जात नाही, मोबाइल मात्र चार्ज होतो. दुकानात 'मदरबोर्ड गेला' म्हणाले.

मी डिचोलीकडच्या एका हायस्कुलातली कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. दुरुस्तीचं शिक्षण नाही, पण पोरांनी उलटे घुसवलेले पेनड्राइव्ह काढून काढून थोडं शिकलोय. तुमच्या वर्णनावरून इतकंच सांगतो, की मदरबोर्डला इतक्यात हात लावू देऊ नका. तुमच्याकडे दोन पोर्टना दोन वेगळे आजार दिसतात.

साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात. लाल आणि काळी विजेची, पांढरी आणि हिरवी माहितीची. डावा पोर्ट मोबाइल चार्ज करतो म्हणजे तिथे वीज येते, बोलणं बंद आहे. उजव्याचं बोलणं ठीक आहे, वीज कमी पडते. डाव्या पोर्टला माउस लावून उलटा करून बघा, खालचा लाल दिवा लागत असेल पण बाण हलत नसेल तर तीच गोष्ट पुन्हा सिद्ध होते.

आधी उजवा. माउसला १०० मिलिअँपिअरसुद्धा लागत नाहीत. हार्डडिस्कच्या आत मात्र खरोखरची तबकडी फिरते आणि ती फिरायला लागतानाचा पहिला झटका एक अँपिअरच्या आसपास जातो. नियमाप्रमाणे यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. बरेच लॅपटॉप थोडं जास्त देतात म्हणून एरवी भागतं. पण वायर लांब आणि बारीक असली तर वाटेतच व्होल्टेज गळतं. वाड्यावरच्या शेवटच्या खांबावरच्या घरात संध्याकाळी ट्यूबलाइट फडफडते ना, तसंच. डिस्क उठायला बघते, पाच व्होल्टचे साडेचारही उरत नाहीत, ती बसते, पुन्हा उठते. तो टुडुंग-टुडुंग आवाज त्याचाच.

माझ्याबाबतीत हे चवथीच्या आदल्या आठवड्यात घडलं. गावच्या भजनांची आठ-दहा वर्षांची रेकॉर्डिंग त्या डिस्कवर. मी शहाण्यासारखा दोन रात्री ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला उपकरण चालवायला शिकवणारा प्रोग्राम, उडवत आणि परत घालत बसलो. शेवटी भाच्याच्या डिस्कची वीतभर वायर लावली आणि डिस्क गपचूप चालू झाली. तेव्हापासून माझा नियम एकच, आधी वायर बदलायची, मग विंडोजला शिव्या घालायच्या. मोबाइलच्या डब्यातली कुठलीही वायर मात्र उचलू नका. काहींत फक्त विजेच्या दोनच तारा असतात, माहितीच्या नसतातच.

एक सावधगिरी. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल तर तिला पुन्हा पुन्हा लावून बघू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरला, मागच्या पोर्टला एकदाच लावा आणि चालली तर तिथेच सगळं उतरवून घ्या. तिथेही टक्-टक् करत असेल तर दोष पोर्टचा नाही, डिस्कच जातेय. आणि हब, म्हणजे एका पोर्टचे चार करणारा डबा, घ्यायचाच झाला तर स्वतःचा अॅडॉप्टर असलेला घ्या. बिनअॅडॉप्टरचा हब त्याच एका पोर्टची वीज चौघांत वाटतो.

वायर बदलूनही तसंच राहिलं तर विंडोजकडे वळा. आधी रीस्टार्ट. शट डाऊन नव्हे, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊनमध्ये विंडोज पूर्ण झोपत नाही, जुनं दुखणं घेऊनच उठते. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये खाली यूएसबी रूट हब शोधा, त्याच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी असते, तिथली खूण काढा. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅबच दिसत नाही, तर सोडून द्या. पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे रिकामं बसलेलं उपकरण झोपवणारी सोय, तीही बंद करा. तरीही नाही, तर लॅपटॉप बंद करून चार्जर आणि सगळी उपकरणं काढा, बॅटरी निघत असेल तर तीही, आणि पॉवरचं बटन ३० सेकंद दाबून धरा. आत अडकलेला चार्ज निघून जातो. ऐकायला गावठी वाटतं, पण लॅबमध्ये मी याने दोन मेलेले पोर्ट उठवलेत.

आता डावा, आणि इथे आपला गोवा मध्ये येतो. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खारं वारं. पोर्टच्या आतल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते. ती बुरशी नसते, तांब्याचा गंज असतो. मोबाइलची टॉर्च मारून बघा. चार पट्ट्या सरळ आहेत का, एखादी वाकून कडेच्या पत्र्याला टेकलीय का, आत कापसाचा बोळा झालाय का. विजेची पट्टी पत्र्याला टेकली तर विंडोज 'पॉवर सर्ज' असं ओरडते आणि पोर्ट स्वतःहून बंद होतो. तो बिघाड नव्हे, संरक्षण आहे. तुम्ही पणजीच्या एसी ऑफिसातून थेट घरी येऊन लॅपटॉप उघडत असाल तर तेही थांबवा. थंड धातूवर दमट हवेचं पाणी धरतं. अर्धा तास तसाच ठेवा, मग लावा.

साफ करताना लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, कारण काही पोर्ट लॅपटॉप बंद असतानाही वीज देत राहतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवायचा आणि पूर्ण सुकू द्यायचा. टाचणी किंवा स्क्रूड्रायव्हर आत घालायचा नाही. आमच्या एका शेजाऱ्याने 'अल्कोहोल ते अल्कोहोल' म्हणत काजू फेणी वापरली होती. फेणीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं, शिवाय पोर्टला आठवडाभर वास.

जाता जाता, वायरलेस माउसचा डाँगल, म्हणजे पोर्टात घालायचा छोटा तुकडा, हार्डडिस्कला खेटून लावू नका. यूएसबी ३ च्या गोंगाटाने २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल बिघडतो, हे इंटेलनेच २०१२ मध्ये मांडलंय. माउस अडखळला की लोक पोर्टलाच दोष देतात.

साफ करूनही डावा उठला नाही तर दुकानात जा, पण एक प्रश्न विचारा : 'डाव्या बाजूचे पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डवर आहेत का?' अनेक लॅपटॉपमध्ये एका बाजूचे पोर्ट असे वेगळे असतात आणि चपट्या पट्टीने मदरबोर्डला जोडलेले असतात. ती पट्टी सैल झाली असेल तर पुन्हा बसवून काम होतं, नाहीतर तेवढा छोटा बोर्ड बदलायचा. पोर्ट मदरबोर्डवरच असला तरी नुसता सॉकेट काढून नवा डाखणारे कारागीर मिळतात. न उघडता 'मदरबोर्ड' म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

माझाही डावा पोर्ट गेलेलाच आहे. बोर्ड मिळाला नाही, मीही फार शोधला नाही. त्यावर सेलोटेप लावलीय, आणि लॅबमधली पोरं तरीही ती सोलून पेनड्राइव्ह घालून बघतात.