वाचकांचे प्रश्न : जुन्या, कडक बर्बनची पारख

बारा-पंधरा वर्षं मुरलेली आणि बॅरलमधून काढल्यावर पाणी न मिसळता बाटलीत भरलेली ('बॅरल प्रूफ') बर्बन ही अमेरिकी व्हिस्की चाखायची कशी, ती चांगली की वाईट हे ठरवायचं कशावरून, याबद्दल नाशिक आणि परिसरातून बरीच पत्रं आली आहेत. त्यातले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण आणि मद्यसेवन परवाना, हे दोन्ही लागतं. पुढची सगळी उत्तरं ते गृहीत धरून दिली आहेत.

जावयांनी अमेरिकेहून आणलेल्या बाटलीवर १३२ प्रूफ लिहिलंय. घरातल्या भारतीय व्हिस्कीवर ७५ प्रूफ आहे. म्हणजे ही जवळजवळ दुप्पट कडक समजायची का? – इंदिरानगर

नाही. दोन्हीकडे शब्द एकच असला तरी मापं वेगळी आहेत. अमेरिकेत प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्केवारीची दुप्पट, म्हणून १३२ प्रूफ म्हणजे ६६ टक्के. आपल्याकडे जुनं ब्रिटिश माप चालत आलं आहे. त्यात १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के, म्हणून ७५ प्रूफ म्हणजे ४२.८ टक्के. तुलना करताना प्रूफ बाजूला ठेवा आणि टक्केच पाहा.

६६ विरुद्ध ४२.८ म्हणजे साधारण दीडपट. हा हिशेब पेग भरताना फार महत्त्वाचा आहे. या बर्बनच्या ३० मिलीमध्ये जवळपास २० मिली शुद्ध अल्कोहोल असतं, नेहमीच्या व्हिस्कीच्या ३० मिलीमध्ये १३ मिलीच्या आत. सवयीने ६० मिलीचा मोठा पेग भरलात, तर नेहमीच्या हिशेबाने ते ९० मिलीच्याही वर जातं. चाखण्यासाठी १५ मिली पुरे. एका बैठकीत तीन नमुन्यांपुढे जाऊ नका आणि त्या संध्याकाळी गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या.

बर्बन ६२.५ टक्क्यांपेक्षा कडक असताना बॅरलमध्ये भरता येत नाही असा नियम आहे म्हणतात. मग बाटलीत ६६ टक्के कुठून आले? वरून काही मिसळतात का? – देवळाली कॅम्प

काहीही मिसळत नाहीत. बर्बनचे नियम कडक आहेत. ती अमेरिकेतच झालेली हवी, धान्यात मका किमान ५१ टक्के हवा, बॅरल ओकचं, नवंकोरं आणि आतून जाळलेलं हवं, आणि रंग किंवा चव वरून घालायची नाही. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बर्बन हे अमेरिकेचं वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन ठरवलं.

टक्के वाढतात ते गोदामात. अमेरिकेच्या केंटकी राज्यातली गोदामं अनेक मजली असतात आणि उन्हाळ्यात वरचे मजले तापतात. त्या कोरड्या उष्णतेत लाकडातून अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त वेगाने बाहेर पडतं, म्हणून मागे राहणारी व्हिस्की दरवर्षी थोडी कडक होत जाते. तळमजल्यावर हवा थंड आणि दमट असते, तिथे टक्के स्थिर राहतात किंवा उतरतात. त्यामुळे एकाच दिवशी भरलेली दोन बॅरल बारा वर्षांनी वेगळ्या टक्क्यांवर निघतात. एकूण माल मात्र दोन्हीकडे घटतो. सुमारे २०० लिटरच्या बॅरलमध्ये पंधरा वर्षांनी कधी कधी निम्म्याहून कमी व्हिस्की उरते. जुनी बर्बन महाग असण्याचं हे खरं कारण आहे.

मी वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काम करतो. वाइनसारखा ग्लास फिरवून, नाक आत घालून वास घेतला तर झिणझिण्याशिवाय काही कळलं नाही. कुठे चुकलं? – गंगापूर रोड

वाइनची सवयच इथे आड येते. १३ टक्क्यांच्या वाइनला ग्लास फिरवून जागं करावं लागतं. ६६ टक्क्यांच्या बर्बनला फिरवलं की सगळ्यात आधी अल्कोहोलची वाफ उठते आणि नाक काही मिनिटं बधिर होतं. त्यानंतर घेतलेला प्रत्येक वास खोटा असतो.

ग्लास खाली रुंद आणि वर निमुळता हवा. व्हिस्की चाखायचा खास ग्लेनकेर्न ग्लास नसेल तर तुमच्याकडचा वाइन चाखायचा लहान ग्लास उत्तम चालतो. १५ मिली ओता आणि दहा-पंधरा मिनिटं उघडाच राहू द्या. मग ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि नाक व तोंड दोन्हींनी हलका श्वास घ्या. तोंड उघडं राहिलं की वाफेचा मारा विभागला जातो. काहीच बोचत नसेल तर ग्लास बोटभर वर आणा. बोचायला लागलं की तिथून थोडा खाली, ती तुमची जागा. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदच वास घ्या आणि मध्ये स्वतःच्या मनगटाचा वास घेऊन नाक मोकळं करा.

तोंडात घेताना वाइनसारखी हवा आत ओढू नका, ठसका लागेल. पहिला घोट जेमतेम चमच्याच्या टोकाएवढा घ्या, जिभेवर पसरू द्या आणि त्यावरून कोणतंही मत बनवू नका. मिरचीचा तिखटपणा ज्या संवेदकांमुळे जाणवतो, तेच अल्कोहोलमुळेही चाळवतात. पहिला घोट त्यांची सवय करण्यापुरता आहे. मिनिटभराने दुसरा घ्या, दहा सेकंद तोंडात फिरवा, गिळा किंवा थुंका, आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. मत बनवायचं ते इथून पुढे.

याच कारणासाठी सकाळी मिसळ खाल्ली असेल तर संध्याकाळी चाखा, आणि चाखण्याआधी दोन-तीन तास तिखट टाळा. खोलीत उदबत्ती नको, शेजारी फोडणी नको. दोन नमुन्यांच्या मध्ये कोमट पाणी आणि बिनमिठाच्या पोळीचा तुकडा पुरतो. चिवडा नको, त्यातलं मीठ आणि तेल जीभ झाकून टाकतात.

जाणकार म्हणतात अशा बर्बनमध्ये पाणी घालणं म्हणजे तिचा अपमान. खरं आहे का? बर्फाचं काय? – सिन्नर

अजिबात खरं नाही, आणि या समजापायी कितीतरी चांगल्या बाटल्या अर्धवट चाखल्या जातात. स्कॉटलंडमधले व्यावसायिक ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्कींचं मिश्रण ठरवणारे जाणकार, वास घेताना व्हिस्की साधारण २० टक्क्यांपर्यंत पातळ करतात. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकीय प्रारूपातून याचं एक कारण दाखवलं. धुरकट वास देणारा ग्वायाकोल हा रेणू ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ राहतो. ५९ टक्क्यांच्या वर अल्कोहोलचे रेणू त्याला घेरतात आणि तो आत दबतो. म्हणजे ६६ टक्क्यांवर काही वास ग्लासात असूनही नाकापर्यंत येत नाहीत.

पाणी अंदाजाने ओतू नका. मेडिकलमध्ये मिळणारी ५ मिलीची सिरिंज सुई न लावता वापरा. १५ मिली बर्बन ६६ टक्क्यांची असेल तर २ मिली पाण्याने ती ५८ च्या आसपास येते, एकूण ५ मिलीने ५० वर आणि एकूण ७ मिलीने ४५ वर. दुसऱ्या कोणत्याही बाटलीसाठी सूत्र सोपं आहे: बर्बनचे मिली गुणिले तिचे टक्के, भागिले हवे असलेले टक्के, आणि त्यातून मूळचे मिली वजा. प्रत्येक टप्प्यावर पाच मिनिटं थांबा, कारण पाणी घातल्याबरोबर मिश्रण थोडं गरम होतं आणि वास काही वेळ विस्कटतो. बोअरचं जड पाणी नको, त्यातले क्षार चवीला खडूसारखे लागतात. आरओचं किंवा बाटलीबंद पाणी घ्या, खोलीच्या तापमानाचं.

पाणी घातल्यावर ग्लास किंचित ढगाळला तर घाबरू नका. थंड करून न गाळलेल्या व्हिस्कीतली मेदाम्लं आणि त्यांची एस्टर टक्के उतरले की बाहेर येतात. तोंडातला तेलकट भरीवपणा त्यांचाच असतो.

बर्फ पारखताना नको. थंडीने वास मिटतात आणि तुरटपणा, कडूपणा तेवढे पुढे येतात. पारख झाल्यावर मे महिन्याच्या रात्री गच्चीवर बसून एक मोठा खडा टाकून प्यायलात, तर त्यात काहीच गैर नाही.

आमची द्राक्षबाग आहे. जुनी बर्बन 'लाकडाळलेली' असते असं ऐकलं. लाकूड जास्त झालं हे ओळखायचं कसं? – पिंपळगाव बसवंत

द्राक्षाची बी दाताखाली आली की जीभ आणि हिरड्या आखडतात, ते टॅनिन तुमच्या ओळखीचं आहे. ओकमध्येही टॅनिन असतं. स्कॉच बहुतेक वेळा वापरलेल्या बॅरलमध्ये मुरते, म्हणून तिला अठरा-वीस वर्षं सहज पेलतात. बर्बनचं बॅरल नवंकोरं असतं आणि केंटकीचा उन्हाळा कडक. तिथे बारा वर्षं हेच पुष्कळ वय झालं, आणि पंधराच्या पुढे प्रत्येक वर्ष जोखमीचं.

तोंडातल्या तीन गोष्टी आधी वेगळ्या करायला शिका. जळजळ अल्कोहोलची असते. ती घशात आणि जिभेच्या टोकावर येते आणि अर्ध्या मिनिटात ओसरते. तुरटपणा सुपारीसारखा असतो, गाल आणि हिरड्या कोरड्या पाडतो आणि घोटागणिक साचत जातो. कडूपणा जिभेच्या मागे बसतो, फार उकळलेल्या चहासारखा. कसोटी अशी: बर्बन ५० टक्क्यांवर आणा. जळजळ बरीच कमी होईल. तोंड तरीही कोरडं पडत असेल, तर दोष टक्क्यांचा नसून लाकडाचा आहे. नवखी माणसं बहुतेक वेळा कडकपणाला लाकूड समजतात किंवा उलट. या एका कसोटीने तो गोंधळ मिटतो.

चांगल्या लाकडाच्या खुणा आपल्या स्वयंपाकघरात सापडतात. ओकमधल्या लॅक्टोनमुळे सुक्या खोबऱ्याचा वास येतो, युजेनॉलमुळे लवंगेचा, लिग्निन तुटून व्हॅनिलाचा. बॅरल जाळताना लाकडातल्या शर्करा करपतात, त्यातून काकवी आणि कॅरॅमल येतं. तरुण बर्बनमध्ये भाजलेलं कणीस आणि कच्चं पीठ जाणवतं. जुनीत ते मागे पडून खारीक, मनुका, चामडं, तंबाखू, जुनं शिसवी कपाट उघडल्यासारखा वास येतो. हे सगळं असूनही मागे गोडवा टिकून असेल, तर वय सार्थकी लागलं. पेन्सिल तासल्यावर पडणारा भुसा, ओली फळी, आणि त्यापलीकडे काहीच नाही, असं झालं की ती बाटली चार वर्षं आधी भरायला हवी होती. लेबलवर २० लिहिलेलं असो वा २३, आम्ही तिला चांगली म्हणणार नाही.

एक गोष्ट आवर्जून करा. रिकामा ग्लास न धुता रात्रभर ठेवा आणि सकाळी हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि उरतं ते निव्वळ बॅरल. तिथे काकवी, लवंग सापडली तर उत्तम. नुसता कोरडा भुसा असेल तर रात्रीचा संशय पक्का.

दोन बाटल्यांत महाग कोणती हे माहीत असताना तटस्थ राहता येत नाही. उपाय? – कॉलेज रोड

एकसारखे ग्लास घ्या, तळाला क्रमांक चिकटवा आणि ओतायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या. दोन्ही नमुने आधी ५० टक्क्यांवर आणा, नाहीतर जास्त कडक असलेला नमुना 'दमदार' वाटून जिंकतो. उद्या तेच ग्लास उलट क्रमाने चाखा, कारण पहिल्या ग्लासाला अनेकदा जास्त गुण मिळतात. नोंदीत खेपही लिहा, कारण बॅरल प्रूफ बर्बन प्रत्येक खेपेला बदलते. उदाहरणार्थ, एलिजा क्रेग बॅरल प्रूफ या बर्बनच्या बाटलीवर ए१२४ असं दिसलं तर ए म्हणजे वर्षातली पहिली खेप, १ म्हणजे जानेवारी आणि २४ म्हणजे २०२४.

उघडलेली बाटली नाशिकच्या उन्हाळ्यात कशी जपावी? – पंचवटी

उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर इतकं अल्कोहोल बूच पोखरतं. फ्रिजच्या डोक्यावर किंवा खिडकीत नको, अंधाऱ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बाटली एक तृतीयांशावर आली की उरलेली छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून घ्या, नाहीतर आतल्या हवेने काही महिन्यांत वरचे फळांचे वास जातात आणि लाकूड एकटं उरतं. बूच तुटून आत पडलं तर कॉफीच्या फिल्टरमधून गाळा. बाटलीत व्हिस्की मुरत नाही, त्यामुळे 'आणखी जुनी होईल' म्हणून ठेवू नका.

परदेशातून मागवताना एवढं सांगा: भारतात येताना माणशी २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, आणि ७० टक्क्यांपेक्षा कडक बाटली विमानात कुठल्याच सामानात चालत नाही. अमेरिकी लेबलवर १४० प्रूफच्या वरचा आकडा दिसला तर ती तिथेच राहू द्या.