डावखुऱ्या हातासाठी घडीचा उत्तम चाकू: सेबेंझा, पॅरामिलिटरी २ की बगआउट?

आपण लिहिले आहे की, शिरोळ तालुक्यात आपली ऊस आणि थोड्या भाजीपाल्याची शेती आहे, आपण डावखुरे आहात, आणि ठिबकच्या नळ्या, खताची पोती, सुतळी व बांधावर जेवताना कांदा-काकडी कापण्यासाठी खिशात राहील असा घडीचा चाकू आपल्याला एकदाच, पण आयुष्यभर पुरेल असा घ्यायचा आहे. अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याला क्रिस रीव्ह सेबेंझा, स्पायडर्को पॅरामिलिटरी २ किंवा बेंचमेड बगआउट यांपैकी एक आणायला सांगण्याचा आपला विचार आहे आणि या तिघांत पोलाद कोणाचे सरस, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात २२ वर्षे प्रेस टूल आणि डाय, म्हणजे पत्रा कापण्या-दाबण्याचे साचे, तयार करतो आणि गेली ११ वर्षे लहान सेबेंझा २१ माझ्या खिशात आहे. पोलाद हा माझ्या रोजच्या कामाचा विषय असूनही, आपल्या बाबतीत पहिला प्रश्न पोलादाचा नसून हाताचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेबेंझाचे लॉक म्हणजे मुठीच्या टायटॅनियमच्या फळीलाच चीर देऊन केलेली एक पट्टी आहे. पाते उघडले की ही पट्टी आत सरकून पात्याच्या बुडाला टेकते. ही रचना कंपनीचे संस्थापक क्रिस रीव्ह यांचीच असून पुढे जगभरच्या कारागिरांनी ती उचलली. उजव्या हातात चाकू घट्ट धरला की बोटे नेमकी त्या पट्टीवर दाब देतात, म्हणजे पकड जितकी घट्ट तितके लॉकही घट्ट. तोच चाकू डाव्या हातात घेतला की हा फायदा बराचसा जातो, बंद करताना अंगठ्याऐवजी तर्जनी आत घालून पट्टी ढकलावी लागते, आणि पाते उघडण्याचा खिळा एकाच बाजूस असेल तर तो अंगठ्याला सापडतच नाही. ओल्या हाताने, एका हातात नळी धरलेली असताना, ही कसरत करण्यात बोट कापण्याचा खरा धोका आहे. सुदैवाने क्रिस रीव्ह कंपनी डावखुऱ्यांसाठी वेगळा सेबेंझा बनवते, ज्यात पट्टी, खिळा आणि खिशाला अडकवायची क्लिप हे सगळे आरशातल्यासारखे उलट्या बाजूस असते. सेबेंझा घ्यायचा तर तोच घ्यावा.

पॅरामिलिटरी २ चे लॉक मुठीच्या पाठीकडून सुटते, त्यामुळे पाते मिटताना बोटे धारेच्या वाटेत येत नाहीत. उजव्या हाताच्या माणसासाठी याहून सुरक्षित लॉक मी वापरलेले नाही. परंतु तेही एकाच बाजूचे आहे, आणि त्याची डावखुरी आवृत्ती निघाली असली तरी भाच्याच्या मुक्कामात ती मिळेलच अशी खात्री धरू नये. शिवाय त्याचे पाते पाठीला ३.७ मिलिमीटर जाड आहे. एवढी जाडी आपल्या कामाला लागत नाही.

बगआउटचे लॉक दोन्ही हातांना सारखे आहे. मुठीतून आरपार जाणारा एक लहान दांडा दोन बारीक स्प्रिंगांच्या जोरावर पात्याच्या बुडावर बसतो, आणि तो कोणत्याही हाताने मागे ओढता येतो. त्यातली एखादी स्प्रिंग कधीतरी तुटते, ही त्याची जाहीर उणीव आहे. मात्र दुसरी स्प्रिंग तोवर काम निभावते. वजन ५२ ग्रॅम, म्हणजे खिशात आहे की नाही हे चाचपून पाहावे लागते. पात्याची जाडी २.३ मिलिमीटर आहे, आणि कापण्याचे सुख खरे म्हणजे या आकड्यात आहे. १६ मिलिमीटरची ठिबकची नळी काटकोनात, कड न चेपता कापायची असेल तर पाते पातळ हवे. जाड पाते पाचरीसारखे घुसते आणि नळी दबते. सेबेंझाचे पाते सुमारे ३ मिलिमीटर जाड आहे, पण ते वरपासून धारेपर्यंत आतल्या बाजूस खोलगट घासलेले असल्याने धारेजवळ पुरेसे पातळ होते. (उसाची टिपरी तोडायला कोयताच वापरावा. कितीही महाग असला तरी घडीचा चाकू हे ठोकण्याचे हत्यार नाही.)

आता पोलाद. आमच्या धंद्यात डी-२ हे हत्यारांचे पोलाद रोजच्या वापरात असते. त्यात १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम, तरीही पावसाळ्यात शेडमध्ये तेल न लावता राहिलेला पंच आठ दिवसांत तांबूस होतो. कारण असे की, त्यातल्या क्रोमियमचा मोठा वाटा कार्बनशी बांधला जाऊन कार्बाइड नावाच्या कठीण कणांत अडकतो आणि गंजाला अडवायला मोकळे क्रोमियम फार थोडे उरते. नव्या सेबेंझामध्ये येणारे मॅग्नाकट हे पोलाद लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने नेमकी हीच अडचण ओळखून घडवले आणि ते २०२१ मध्ये बाजारात आले. त्यात क्रोमियम जेमतेम १०.७ टक्के, म्हणजे डी-२ पेक्षाही कमी आहे, पण कार्बाइड व्हॅनेडियम आणि नायोबियमचे होतात, त्यामुळे क्रोमियम जवळजवळ सगळे मोकळे राहते. कमी क्रोमियममध्ये जास्त गंजरोध मिळवण्याची ही युक्ती वाचून मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. बगआउटमधले एस३०व्ही आणि पॅरामिलिटरीत आता येणारे एस४५व्हीएन ही दोन्ही पोलादेही गंजाला चांगले तोंड देतात. उसाचा रस आंबूस असतो आणि आपल्याकडची हवा चार महिने ओलसर असते, म्हणून मॅग्नाकट सरस ठरते. पण चाकू संध्याकाळी पुसून ठेवणाऱ्या माणसाला तिघांतला हा फरक रोजच्या वापरात फारसा जाणवणार नाही.

जाणवेल तो धार लावताना. या तिन्ही पोलादांत व्हॅनेडियम कार्बाइड आहेत आणि ते बाजारात मिळणाऱ्या साध्या धारेच्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण असतात. दगड भोवतीचे पोलाद घासतो, कार्बाइडला मात्र त्याचे दात नीट लागत नाहीत, आणि तासभर घासूनही माणसाला वाटते की आपल्यालाच धार लावता येत नाही. माझे पहिल्या वर्षी असेच झाले. कंटाळून मी चाकू एका धारवाल्याकडे दिला. त्याने तो कोरड्या एमरीच्या चाकावर धरला, ठिणग्यांची लांब शेपटी निघाली, आणि परत हाती आला तेव्हा टोकापासून दोन बोटांच्या अंतरापर्यंत धारेलगत निळसर पट्टा उमटलेला होता. रोज ग्राइंडिंग करणाऱ्या मला तो रंग ओळखायला क्षणही लागला नाही: तिथले टेंपर गेले होते, म्हणजे उष्णतेने पोलाद मऊ पडले होते. त्या भागाची धार पुढे दोन दिवसही टिकेना. निळा भाग संपेपर्यंत पाते पाण्यात बुडवत, डायमंड प्लेटवर हाताने घासण्यात माझे तीन रविवार गेले, आणि पात्याची रुंदी जवळजवळ एक मिलिमीटर कमी झाली. आजही माझ्या चाकूचे पोट टोकाकडे किंचित सपाट दिसते.

म्हणून चाकूबरोबरच डायमंडच्या दोन प्लेटा, एक ४०० आणि एक १२०० नंबरची, भाच्याला आणायला सांगाव्यात किंवा इथे घ्याव्यात. पाते प्लेटशी १७-१८ अंशांत धरावे, हलक्या हाताने, पाणी घालून, एका बाजूने बर, म्हणजे धारेवर उलटणारी पोलादाची बारीक कड, बोटाला जाणवेपर्यंत घासावे, मग दुसऱ्या बाजूने तेवढेच. शेवटची बर काढायला कोल्हापुरासारखे सोयीचे गाव नाही: चप्पल करणाऱ्याकडून वनस्पतीने कमावलेल्या चामड्याचा एक वीतभर तुकडा घ्यावा, लाकडी फळीवर चिकटवावा आणि त्यावर पाते पाठीकडून उलटे ओढावे. वीस-पंचवीस हात मारले की ते वर्तमानपत्राचा कागद आवाज न करता कापते.

सेबेंझाबद्दल माझे मन ज्या कारणाने वळले ते पाते ज्या खिळ्यावर फिरते त्या खिळ्यात आहे. बहुतेक घडीच्या चाकूंत मधला स्क्रू किती आवळायचा हे अंदाजाने ठरवावे लागते. जास्त आवळला तर पाते अडते, सैल ठेवला तर हलते. सेबेंझात त्या स्क्रूवर एक बुश, म्हणजे आखूड पोकळ नळी, आहे, आणि बुशची लांबी व पाते अधिक दोन ब्राँझ वॉशर यांची एकूण जाडी इतकी जुळवून घासलेली आहे की स्क्रू शेवटपर्यंत आवळला तरी पाते मोकळे फिरते आणि तसूभर हलत नाही. ही जुळणी प्रत्येक नगात साधायची म्हणजे काय, हे सरफेस ग्राइंडरवर उभ्या राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. आमच्या आजीच्या अडकित्त्याचा खिळा ५० वर्षांत ढिला झाला नव्हता आणि चांगल्या अडकित्त्याची परीक्षा ती त्या खिळ्यावरच करायची. त्या परीक्षेला उतरलेला हा एकच चाकू मी पाहिला आहे.

याचा शेतातला उपयोग असा. मागच्या पावसाळ्यात मेहुण्याच्या मळ्यात आठवडाभर वापरून मी माझा चाकू खोलला, तेव्हा वॉशरवर उसाचा रस आणि बारीक माती यांची करडी, चिकट लेई बसलेली होती. कोमट पाण्याने धुतले, कोरडे केले, ग्रीसचा एक ठिपका लावला आणि स्क्रू घट्ट आवळून दहा मिनिटांत चाकू खिशात गेला; पुन्हा जुळवाजुळव करावी लागली नाही. आपल्या तिन्ही चाकूंत ब्राँझ वॉशर आहेत ही चांगली गोष्ट आहे. बॉल बेअरिंगवर फिरणारे महागडे चाकू दुकानात फार गुळगुळीत उघडतात, पण मातीच्या कामाला ते घेऊ नयेत.

तेव्हा माझा सल्ला असा. आपण एकदाच घ्यायचे म्हणता, स्वतः धार लावायला शिकण्याची तयारी आहे आणि वस्तू सांभाळण्याची सवय आहे, तर डावखुरा लहान सेबेंझा ३१ घ्यावा. त्याचे सुमारे ३ इंचांचे पाते आपल्या सगळ्या कामांना पुरते. अमेरिकेत त्याला ४०० डॉलरहून अधिक पडतील. चाकू सरीत पडून हरवण्याची, कोणी मागून नेण्याची शक्यता असेल, तर निम्म्याहून कमी किमतीत बगआउट घ्यावा आणि मन निश्चिंत ठेवावे. पॅरामिलिटरी २ उत्तम असूनही आपल्यासाठी मी तो बाजूला ठेवीन.

भाच्याने चाकू चेक-इन सामानातच ठेवावा, हातातल्या बॅगेत तो सापडला तर जातो. सणासुदीला किंवा निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली जिल्ह्यात हत्यारे बाळगण्यास बंदीचे आदेश लागू असतात, त्या दिवसांत चाकू शेतावरच राहू द्यावा, बाजाराला जाताना खिशात नसावा.

मागणी नोंदवण्यापूर्वी विक्रेत्याकडून नेमक्या त्याच नगाचा फोटो मागवावा. उघड्या चाकूचे टोक डावीकडे आणि धार खाली असताना मुठीवरची लॉकची चीर व क्लिप आपल्या समोरच्या बाजूस दिसली, तर तो डावखुरा आहे. समोर नुसती सपाट फळी दिसली, तर तो उजव्या हाताचा आहे आणि परत पाठवावा.