शेणखत परवडत नाही, उसाच्या रानातला सेंद्रिय कर्ब कसा वाढवू?

तुम्ही लिहिलंय की माती तपासणीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहणारा कार्बन, फक्त ०.३५ टक्के आलाय, रान कडक झालंय आणि शेणखताची ट्रॉली आवाक्याबाहेर गेलीय. ऊस तुटल्यावर पाचटाचं, म्हणजे रानात उरलेल्या वाळक्या पानांचं, काय करता, ते मात्र लिहिलं नाहीत. पेटवत असाल तर कळकळीची विनंती आहे, यंदा काडी लावू नका.

आमचं रान वाळवा तालुक्यात. वडीलही पाचट पेटवायचे. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, त्यात साधारण अर्धा टक्का नत्र आणि एक टक्का पालाश असतं. जाळलं की नत्र आणि कर्ब धुरातून जातात, आणि तेच नत्र आपण दुकानातून विकत आणतो.

मी पहिल्या वर्षी नुसतं पाचट पसरून पाणी सोडलं. महिन्याभरात खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या खुंटातून फुटलेलं पुढचं पीक, पिवळा पडला. वडील म्हणाले, "बघ, म्हणून जाळतात." पण चूक माझी होती. पाचट कुजवणारे जिवाणू आधी जमिनीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात, पिकाला ते कमी पडतं. म्हणून एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक पाचटावर टाकायचं. त्याआधी बुडखे, म्हणजे उसाचे उरलेले खुंट, धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा, पाचट सरीत ओढून बुडखे उघडे ठेवा. पाणी दिल्यावर ओल असतानाच पाचट पायानं दाबा, मातीला भिडलं की लवकर कुजतं. खोडव्याची खतं पहारीनं भोक पाडून द्या, पहिला हप्ता पंधरा दिवसांत एका बाजूला, दुसरा १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूला.

मग जुलैत थर उचलून बघा. वर वाळकी पानं, मध्ये पांढऱ्या बुरशीच्या जाळीनं एकमेकांना चिकटलेली, आणि तळाला काळा ओलसर भुगा, त्यात गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा वडिलांना बांधावरून हाक मारून बोलावलं होतं. त्यानंतर आमच्याकडं पाचट पेटलं नाही.

रान नदीकाठचं, पाणथळ किंवा खारवट असेल तर आधी निचऱ्याचं बघा, तिथं नुसत्या पाचटानं भागत नाही. आणि कर्ब एका वर्षात उडी मारत नाही. पुढचा नमुना खोडवा तुटल्यावर, खत टाकायच्या आधी घ्या, बांधाजवळची माती त्यात येऊ देऊ नका.