एमपीएससी नक्की कोण देणार आहे?

नमस्कार,

तुमची मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ६४ टक्के पडलेत आणि तिला ध्रुवीय प्रदेशातल्या शैवाकांवर, म्हणजे दगडफुलांच्या भाऊबंदांवर, संशोधन करायचंय. गुणांचं सोडा. मला खटकलं ते तुमचं वाक्य : "आम्ही आता एमपीएससीची तयारी करणार आहोत." हे 'आम्ही' कोण? दोन पानी पत्रात ती काय वाचते, हे वेड तिला कुठून लागलं, याची एक ओळ नाही. क्लासची फी भरल्याचा उल्लेख मात्र दोनदा. तिला न विचारता भरली असेल, तर बुडीत धरा.

"वर्षाला मिलिमीटरभरही न वाढणाऱ्या गोष्टीत कसलं भविष्य?" असं तुम्ही विचारता. अहो, त्या संथपणालाच तर किंमत आहे! हिमनदी मागे सरली की उघड्या पडलेल्या दगडावर शैवाक रुजतं. त्याचा व्यास आणि वाढीचा वेग यांवरून तो दगड कधी उघडा पडला याचा अंदाज बांधतात. वनस्पतिशास्त्रज्ञ रोलंड बेशेल यांनी ही पद्धत १९५० च्या सुमारास मांडली.

"तापमान वाढतंय, म्हणजे तिथे शैवाक फोफावणारच, मग अभ्यास कशाचा?" हे वरवर पटतं, पण चूक आहे. शैवाक म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. त्याला मुळं नसतात; ओलं असेल तेव्हाच त्याचं काम चालतं, वाळलं की ठप्प. अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो ड्राय व्हॅलीजमध्ये पाण्याअभावी काही शैवाकं शंभर वर्षांत जेमतेम मिलिमीटरभर वाढतात. दुसरीकडे बर्फ जास्त पडून उन्हाळ्यातही टिकला, तर त्याखाली ओलावा असतो पण उजेड नसतो. श्वसन चालू, अन्न बनणं बंद. असं लांबलं की शैवाक मरतं. आर्क्टिकमध्ये उबेमुळे झुडपं माजतात आणि रेनडिअरचा हिवाळ्यातला चारा असलेली शैवाकं त्यांच्या सावलीत मागे पडतात.

एमएस्सी, नेट, पीएचडी हा रस्ता तिला ठाऊक असेलच. मोहिमांसाठी गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आणि शैवाकांसाठी लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था तिने पाहावी.

तिलाही स्पष्टच सांगतो. बर्फातले दिवस थोडे. बाकी वर्षानुवर्षं त्याच दगडाचे, शेजारी मोजपट्टी ठेवून, त्याच कोनातून फोटो काढायचे आणि संगणकावर शैवाकाची कड आखत बसायचं. जागा मोजक्या, कायम नोकरीला उशीर. एवढं ऐकूनही तिला हेच करायचं असेल, तर पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाठवण्याआधी वाचायला मागू नका.